इंजिनातल्या अक्षता

घरमालकीण मामींनी मूठभर अक्षता उघड्या इंजिनात टाकल्या आणि त्याच वेळी सुईण आमच्या खोलीतून बाहेर आली. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "डोसकं न्हाई, हात बाहेर आलाय. माज्याच्यानं व्हायचं न्हाई. पुण्याला न्या."

खंडेनवमीची दुपार होती. हात आला होता तो माझ्या थोरल्या जावेच्या पोटातल्या मुलाचा. चाकणच्या कांदाबाजारामागे पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ होती, तिथे आम्ही भाड्याने राहत होतो. आमच्या दोघींचे नवरे पिंपरीला कारखान्याच्या बांधकामावर, ते रविवारीच येणार. दुपारची एसटी निघून गेली होती, पुढची दिवेलागणीला. बैलगाडीने पुणं गाठायचं तर सगळी रात्र गेली असती. जवळ मोटार अशी एकच, घरमालकांची लॉरी. ती अंगणातच उभी होती, पण तिच्या इंजिनाचं वरचं झाकण काढून गोणपाटावर ठेवलेलं होतं. ते बसवायचे पाने पाटावर मांडलेले, त्यांना हळदकुंकू लावून झालेलं, फुलं वाहून झालेली. खंडेनवमीला पुजलेल्या हत्याराला दसऱ्याची पूजा होईपर्यंत कोणी हात लावत नाही. हे चाकणात सगळ्यांना माहीत होतं. जावेच्या पोटातल्या मुलाला तेवढं माहीत नव्हतं.

घरमालक लॉरीच्या पुढच्या बंपरवर चढून बसले होते. त्यांनी सुईणीकडे पाहिलं नाही. इंजिनात पडलेल्या तांदळाकडे पाहिलं आणि बायकोला विचारलं, "ह्ये काय केलंस?"

मामी म्हणाल्या, "पूजा केली."

ह्या माणसाबद्दल चाकणात कोणी चांगलं बोलत नाही. जे बोलायला उरलेत तेही नाही. विक्षिप्त होता, देवाला न मानणारा होता, बायकांच्या चुलीपर्यंत नाक खुपसणारा होता, असं सांगतात. देवाला मानत नव्हते ही गोष्ट खोटी. बाकीच्या दोन खऱ्या आहेत, आणि त्या सांगायला मला कोणाची भीती नाही.

सगळे त्यांना मामा म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला मामी. ते मात्र भाडेकरूंना नावाने कधीच हाक मारत नसत. जो ज्या जिल्ह्यातून आला त्याला तोच जिल्हा. बीडचं कुटुंब होतं, त्यातल्या म्हाताऱ्यापासून रांगत्या पोरापर्यंत सगळी बीड. कोकणातून आलेला एक टेलर होता, तो रत्नागिरी. आम्ही दोघी जावा नगरच्या, म्हणून जाऊ थोरली नगर आणि मी धाकटी नगर. पहिल्या दिवशी मी सांगितलं की मला नाव आहे. ते म्हणाले, "आसंल. नाव कुनालाबी आसतं."

ठेंगणे होते. लष्करी खाकी अर्धी चड्डी, वर बंडी, आणि उजव्या कानावर बांबूची कामटी. सुतार कानावर पेन्सिल खोचतो तशी. ती कामटी लॉरीसाठी होती.

लॉरी लढाईच्या वेळची. लढाई संपल्यावर लष्कराने जुन्या गाड्या विकायला काढल्या, तेव्हा घेतलेली. तिचा हिरवा रंग मामांनी बदलला नव्हता. तिच्यातून कांदे जायचे, बटाटे जायचे, पिंपरीच्या बांधकामांवर विटा जायच्या. चाकणच्या आसपास तेव्हा लॉऱ्या होत्या त्या हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या, पण इतकी जुनी असूनही इतकी गुमान चढ चढणारी ही एकच. मामा म्हणत, ते तिच्या पोटात काजळी राहू देत नाहीत म्हणून.

मला इंजिनातलं तेव्हा काही कळत नव्हतं. त्यांनीच सांगितलं. चुलीवरच्या भांड्याला बाहेरून काजळी धरते, तशी इंजिनाला आतून धरते. साचत गेली की गाडी चढाला दम टाकते, आतून ठणठण वाजते. फारच साचली तर किल्ली बंद केली तरी इंजिन आपलं आपण चालत राहतं, कारण आतली काजळी निखाऱ्यासारखी लाल झालेली असते आणि पेट्रोल त्यावरच पेटतं. म्हणून झाकण उघडून ती खरवडायची. दुसरे लॉरीवाले वर्षादोनवर्षांनी गाडी अडली की उघडत आणि लोखंडी पट्टीने खरवडत. मामा सणासुदीला घर सारवावं तसं इंजिन उघडत, आणि लोखंड आत जाऊ देत नसत. लोखंडाने ओरखडा पडतो आणि पुढची काजळी आधी त्या ओरखड्यात बसते, हे त्यांचं म्हणणं. बांबूची कामटी तेलात भिजवून, तिची धार करून, दिवसभर खरवडत बसायचे. निघालेली काजळी कागदावर घेऊन वास घ्यायचे. एकदा एका कांदेव्यापाऱ्याने लॉरी पुण्याला नेली आणि परत येताना त्याच्या माणसाने पेट्रोलमध्ये रॉकेल घातलं. मामांनी पुढच्या वेळी उघडल्यावर ते ओळखलं, आणि भर बाजारात त्या व्यापाऱ्याच्या नाकाखाली कागद धरला. त्याने वास घेईपर्यंत हलले नाहीत. त्या व्यापाऱ्याने पुढे त्यांना भाडं दिलं नाही. मामा म्हणाले, बरं झालं.

हे सगळं लॉरीपुरतं असतं तर लोकांनी चालवून घेतलं असतं. पण ते आमच्या पातेल्यांची बुडंही बघायचे. आम्ही दोघी सकाळी वखारीत कांदे निवडायला जायच्या आधी स्वयंपाक उरकत असू. मामा दाराशी येणार, विचारणार काही नाही, सरळ आत येऊन पातेलं उचलून बूड बघणार. एकदा माझ्या आमटीचं पातेलं उचललं. आमटी आत होती.

मी म्हटलं, "मामा, भाडं खोलीचं देतो. पातेल्याचं नाही."

ते म्हणाले, "चूल इस्कटून मांडलीस. लाकूड जळतंय कमी आन् धुपतंय जास्त. माझं छत काळं व्हतंय." आणि तिथेच बसून त्यांनी माझी पेटती चूल मोडली. हाताने दगड हलवले, खाली वाऱ्याला वाट केली. मग फुंकणी माझ्या हातात देऊन म्हणाले, "इझल्यावर फुंकतीस तू. इझायच्या आदी फुंकायचं. जाळ पडाया लागला की फुंकर, चढला की थांब."

त्या दिवसापासून माझ्या खोलीत धूर कमी झाला. मी त्यांना तसं सांगितलं नाही. पातेल्याचं बूड बघून त्यांना कळलंच असणार.

जावेचं आणि माझं तेव्हा पटत नव्हतं. एक चूल, दोन बायका. ती म्हणायची मी मीठ जास्त टाकते. मी म्हणायची ती माझ्या नवऱ्याला कमी वाढते. हे मी आत्ता यासाठी सांगते, की पुढे मी जे केलं ते प्रेमापोटी केलं असं कोणी समजू नये. बाई घरात मरायला लागली की जे करायचं ते करायचं असतं, पटो की न पटो.

रविवारची गोष्ट सांगितली पाहिजे. रविवारी सकाळी मामा चाळीतल्या सगळ्या पोरांना ओळीने बसवायचे आणि एकेकाचं नाक धरून बोंडल्याने, तान्ह्याला दूध पाजायच्या चोचीच्या भांड्याने, एरंडेल पाजायचे. पोरं पळायची, मामा पकडून आणायचे. पोरं झाली की लॉरीचा नंबर. इंजिन चालू करायचं, मामींना आत बसवून पेट्रोलची पट्टी पायाने दाबून धरायला लावायचं, आणि तेच बोंडलं धुऊन, त्यात साधं पाणी घेऊन, इंजिन जिथून हवा ओढतं त्या तोंडात थेंब थेंब सोडायचं. लॉरी खोकायची. मागून पांढरी वाफ निघायची आणि वाफेबरोबर काळ्या काळ्या खपल्या अंगणात उडायच्या. पाण्याची आत वाफ होते आणि वाफेने काजळी सुटते, असं ते सांगत. झाकण न उघडता करायचा तो हा उपाय. ते त्याला लॉरीचा जुलाब म्हणत. रत्नागिरीचा टेलर एकदा म्हणाला, "मामा, बोंडलं पोरांचं वेगळं नि गाडीचं वेगळं ठेवा की हो." मामा म्हणाले, "तिनं तक्रार केली न्हाई, तू कशापाई करतोस?"

त्यांच्या घरात मूल नव्हतं. बोंडलं होतं. कुठून आलं, ते आम्ही कोणी विचारलं नाही.

ह्या पाण्याच्या उपायाने त्यांचं नावही खराब झालं होतं, तेही सांगते. एका ठेकेदाराची लॉरी अंगणात आणली होती. ठेकेदाराला घाई होती, मामांना बोलण्याची हौस होती, आणि बोलता बोलता बोंडलं जास्त कललं. पाणी एकदम आत गेलं. आतून मोठा आवाज झाला आणि इंजिन जागच्या जागी अडकलं ते पुन्हा फिरलंच नाही. आतला दांडा वाकला होता. मी तेव्हा दारात कांदा चिरत होते, तो आवाज मी ऐकला. मामांनी चूक कबूल केली नाही. म्हणाले, ती आधीच मेलेली होती. सगळा बाजार हसला. पुढच्या रविवारी ते पुन्हा बोंडलं घेऊन आपल्या लॉरीपाशी उभे.

मामी लॉरीला सवत म्हणायच्या. गमतीने नाही. दर खंडेनवमीला मामा पूजा करायचे आणि मामी घरातून बाहेर यायच्या नाहीत. त्या वर्षी मामांनी आदल्या दिवशी, अष्टमीला इंजिन उघडलं. सणाला स्वच्छ व्हावं म्हणून. पण काजळी चिवट निघाली. इंजिनाच्या पोटात सहा भोकं, त्यातली चार झाली आणि अंधार पडला. नवमी उजाडली, हत्यारं पाटावर गेली. आता दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. मामा सकाळपासून जेवले नाहीत. उघड्या इंजिनापाशी बसून राहिले. मामींना दया आली की राग आला, ठाऊक नाही. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सवतीची पूजा केली. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, आणि देवाला वाहाव्यात तशा अक्षता मूठ भरून वाहिल्या. पाठोपाठ झेंडूच्या पाकळ्या. सगळं इंजिनाच्या उघड्या पोटात.

आणि सुईण बाहेर आली.

मामा बंपरवरून खाली उतरले आणि पाटापाशी जाऊन उभे राहिले. शेजारचा सुतार आमच्या ओट्यावर बसला होता. त्याचीही वाकस आणि करवत घरी पाटावर होती. तो म्हणाला, "आज पान्याला हात लावशील तर रगत मागंल बरं का. माज्या बापानं लावला व्हता, बोट ग्येलं."

मी सांगते, मामांचाही हात होईना. देवाला न मानणारा माणूस असा उभा राहत नाही. आतून जाऊ ओरडत होती. मग मामी पुढे झाल्या. पाटावरचा मोठा पाना उचलला, त्यावरचं कुंकू आपल्या पदराने पुसलं आणि नवऱ्याच्या हातात दिला.

"मी उचललाय," त्या म्हणाल्या. "काय मागायचं त्ये माज्याकडं मागंल."

सुतार उठून घरी गेला.

आता तांदूळ. झाकण तसंच बसवलं असतं तर तांदळाचे दाणे आतल्या झडपांखाली अडकले असते आणि इंजिन चाललं नसतं. मामा पुढे हँडल मारून इंजिन थोडं थोडं फिरवायचे, एकेक झडप उघडायची, आणि मामी आणि मी दोन्ही बाजूंनी वाकून दाणे वेचायचो. सुपातले खडे वेचतात तसे. आयुष्यभर तेच केलेलं, बोटांना सवय होती. फरक एवढाच की इथे तांदूळ टाकायचे होते. ओल्या बोटाला चिकटवून एकेक दाणा काढला. पाकळ्या तेलात भिजून चिकटल्या होत्या, त्या सुटेनात. मामा म्हणाले, जळू द्या.

मला वाटलं आता झाकण बसेल. तर मामांनी कानावरची कामटी काढली आणि राहिलेल्या दोन भोकांची काजळी खरवडायला बसले. तिकडे जाऊ ओरडायची थांबली होती. ओरडणं थांबणं जास्त वाईट, हे मला माहीत होतं. मी त्यांच्या हातातली कामटी हिसकावून घेतली.

"ती मरतीय तिकडं," मी म्हटलं. "आन् तुम्ही काजळी काढताय."

"अर्धवट सोडली तर सुटल्याली काजळी लाल व्हईल," ते म्हणाले. "मोशीच्या चढाला ही बसंल. मग काय खांद्यावर घेऊन जाशील?"

"जाईन."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग झाकण उचललं. त्या कामटीवरून पुढे लोक मला म्हणाले की तू त्यांना काम पुरं करू दिलं असतंस तर चढावर लॉरी अडली नसती. म्हणू देत. पुन्हा तीच दुपार आली तर मी पुन्हा हिसकावीन.

लॉरीच्या मागच्या भागात कांद्याची रिकामी पोती अंथरली, त्यावर गोधडी, त्यावर जाऊ. मामी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या, मी पायांशी. सुईण येते म्हणाली आणि आली नाही. चाकण सोडलं. कुरुळीपर्यंत लॉरी ठीक चालली. झेंडू आणि वेचायचे राहिलेले चार दाणे जळाल्याचा वास येत होता, नैवेद्याचा भात करपावा तसा. इंद्रायणीचा पूल ओलांडला, मोशीचा चढ लागला, आणि इंजिन ठणठण वाजायला लागलं. आधी हळू, मग पत्र्यावर कोणी हातोडी मारावी तसं. लॉरी चालता चालता माणसाच्या पावलाएवढी हळू झाली आणि उभी राहिली. मामांनी किल्ली बंद केली. इंजिन बंद झालं नाही. चालतच राहिलं, अंगात आल्यासारखं.

मामी खाली उतरल्या आणि चाकांमागे दगड लावून आल्या. सांगावं लागलं नाही. मामांनी पुढून हाक मारली, "धाकटी नगर. हिकडं ये. तांब्या आन."

तांब्या जावेला पाणी पाजायला घेतला होता. मी तो घेऊन पुढे गेले. मामांनी इंजिनाचं पत्र्याचं झाकण वर केलं होतं आणि त्यांच्या हातात बोंडलं होतं. ते लॉरीतच टांगलेलं असायचं.

मला ठेकेदाराच्या लॉरीचा आवाज आठवला. मी म्हटलं, "मामा, हे नको."

"मग काय करू, सांग."

मी तांब्या पुढे केला.

त्यांनी किल्ली पुन्हा चालू केली आणि मला आत बसवलं. मी त्याआधी मोटारीत पुढे कधी बसले नव्हते. त्यांनी माझा पाय धरून एका पट्टीवर ठेवला. "ह्यो दाबायचा. मी पानी सोडलं की इंजिनाचा आवाज पडंल. पडाया लागला की दाब, चढला की सोड. पडूस्तवर थांबू नगं." मग जाता जाता म्हणाले, "चूल फुंकतीस तसं."

मी दाबलं. मामांनी थेंब सोडला. लॉरी खोकली, सगळी हलली, मागून मामी काहीतरी ओरडल्या. मला पुढचं काही दिसत नव्हतं, वर केलेलं झाकण तेवढं दिसत होतं आणि त्याच्या कडेला मामांची कोपरं. त्या दिवशी ते बोलत नव्हते, एक शब्द नाही. आवाज पडायला लागला की मी दाबत होते, चढला की सोडत होते. किती वेळ गेला ते मला माहीत नाही. वाफेने रस्ता पांढरा झाला. शेतातली दोन माणसं पळत आली आणि लांबच उभी राहिली. मग एकदा लॉरी मोठ्याने खोकली, मागून काळ्या खपल्यांचा लोट उडाला, आणि ठणठण थांबली. इंजिन नुसतं चालायला लागलं, शिवणयंत्रासारखं.

मामांनी बोंडलं बंडीला पुसलं. "सरक," मला म्हणाले.

लॉरी चढ चढली. भोसरी गेली, कासारवाडी गेली, दापोडीचा पूल गेला. दिवे लागायच्या सुमाराला आम्ही पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पोचलो. जावेला आत नेलं. तिने जाताना माझा हात धरला नाही. डोळे उघडे होते एवढंच.

आम्ही दोघी बायका व्हरांड्यात बसून राहिलो. सकाळी बाहेर पाहते तो मामांनी दवाखान्याच्या आवारात निंबाच्या झाडाखाली लॉरी उघडली होती. झाकण काढलेलं, आणि राहिलेल्या दोन भोकांची काजळी खरवडत बसले होते. दसऱ्याच्या दिवशी. जाणारे येणारे थांबून बघत होते. एका शिपायाने हटकलं, तर मामांनी त्याला कागदावरची काजळी वास घ्यायला दिली.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मी बायकांमध्ये धाकटी, पण बोलणारी मीच, म्हणून त्यांनी मलाच सांगितलं. मूल गेलेलं निघालं. बहुतेक तुम्ही घरून निघायच्या आधीच गेलेलं असावं, म्हणाल्या. आईचं आत्ता सांगता येत नाही, रक्त फार गेलंय.

मी झाडाखाली जाऊन मामांना सांगितलं. त्यांनी खरवडणं थांबवलं नाही.

"मुलगा व्हता का मुलगी?"

"मुलगी."

"आन् थोरली नगर?"

"सांगता येत नाही म्हणाल्या."

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने कामटी कानावर खोचली आणि उगीच हात पुसत राहिले. हात पुसून स्वच्छ होणारे नव्हते.

मामा आणि मामी त्याच दुपारी लॉरी घेऊन माघारी गेले, माझा नवरा आणि दीर दवाखान्यात आले. चाकणला परत गेल्यावर मला कळलं, की आमच्या आधी बातमी पोचली होती. दसऱ्याला मामांच्या दारी सोनं द्यायला कोणी आलं नव्हतं. सुतार बाजारात सांगत होता, हत्याराला हात लावला, रगत मागितलं, पोर घेतलं. बायका मामींकडे हळदीकुंकवाला जाईनात. मी सुतारालाही सांगितलं आणि वखारीतल्या बायकांनाही, की मूल आधीच गेलेलं होतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सुतार म्हणाला, "डॉक्टरनीला काय म्हाईत खंडेनवमीचं?" मी त्याला म्हटलं, "आणि तुला काय माहीत बाळंतपणाचं?" त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. माझं काही अडलं नाही.

मामांनी कोणाला समजावलं नाही. पुढच्या वर्षी खंडेनवमीला सकाळीच त्यांनी लॉरी अंगणातून काढून रस्त्याच्या कडेला आणली, बाजाराच्या तोंडाशी. सगळ्यांना दिसेल अशी. इंजिन उघडलं, पाने पुजले, आणि पुजलेले पाने उचलून, कुंकवासकट, काजळी काढायला बसले. मामी शेजारी पाट टाकून तांदूळ निवडत बसल्या. लोक लांबून जात होते. सुताराने तोंडावर धोतर धरलं, जणू वास येतोय. मामांनी त्याला हाक मारली, "ये की सुतार, बोट दे." सुतार आला नाही.

आणि हे एकदाच नाही. जोवर ती लॉरी चालत होती तोवर दर खंडेनवमीला ते असेच बसायचे. कारण काजळी होती म्हणून नाही. एखाद्या वर्षी आठ दिवस आधीच साफ केलेलं इंजिन पुन्हा उघडायचे. काढायला काही नसायचं तरी कामटी फिरवत राहायचे. पोटात काही धरून ठेवलं नाही हे त्यांना दाखवायचं होतं की काय, मला माहीत नाही. आमची पातेल्यांची भांडणं चालूच राहिली. आम्ही पिंपरीला राहायला गेलो, तेव्हाही निघताना त्यांनी माझं पातेलं उलटं करून बघितलं.

त्या खंडेनवम्यांना त्यांच्याजवळ कोणी फिरकत नसे. चाकणात असेतो, आणि नंतर पिंपरीहून एसटीने येऊनही, एकच बाई त्यांच्यासाठी चहा घेऊन जायची, आणि ती मी नव्हते. कासंडीत चहा आणि वर झाकलेली बशी. बाजाराच्या तोंडाशी सगळ्यांच्या देखत त्यांच्या शेजारी उकिडवी बसायची, ते चहा पिऊन होईपर्यंत. मग बशी धुवायची आणि परत यायची.

मुलगी मेली होती. माझी जाऊ जगली.